एक लाख भाड्याची जागा

वाचक विचारतात: शहराचा हिशेब

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की जुन्या नाशकात सरकारी मदतीनं हॉटेल येणार म्हटलं की लोक 'किती कोटी?' एवढंच विचारतात, 'कुठल्या रूपात?' हे कुणी विचारत नाही. त्यावर पत्रांचा ढीग आला. दोघांनी मला हॉटेलवाल्यांचा माणूस ठरवलंय, एकानं विकासाचा शत्रू. 32 वर्षं जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत लेखा विभागात काढली असल्यानं दोन्ही शिव्यांची सवय आहे. निवडक प्रश्न घेतोय.

भांडी बाजारातले एक दुकानदार विचारतात: आमच्या मागच्या गल्लीत पडक्या वाड्यांच्या जागी मोठं हॉटेल होणार अशी कुजबुज आहे. हॉटेलवाल्याला सरकार पैसे देतं का? देत असेल तर तीन पिढ्या पितळेची भांडी विकणाऱ्या आम्हाला का नाही?

देतं, पण तुम्हाला वाटतं तसं चेक लिहून फार क्वचित. राज्याच्या 2024 च्या पर्यटन धोरणात पात्र प्रकल्पाला भांडवली अनुदान आहे, राज्य जीएसटीचा परतावा आहे, मुद्रांक शुल्कात आणि विद्युत शुल्कात सवलत आहे. त्याआधी 2020 च्या अखेरीस हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देऊन वीज, पाणी, घरपट्टी औद्योगिक दरानं लावायचा निर्णय झाला. ही मदत निदान कागदावर दिसते. आज ना उद्या ती कुठल्या तरी लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या सदराखाली, येते आणि लेखापरीक्षक तिच्यावर बोट ठेवू शकतो.

न दिसणारी मदत जमिनीची. समजा, पालिकेची 12 कोटींची जागा आहे. ती 30 वर्षांच्या करारानं वर्षाला 1 लाख भाड्यानं दिली. तेच 12 कोटी 7 टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला 84 लाख आले असते. म्हणजे दर वर्षी 83 लाखांची मदत झाली, आणि अंदाजपत्रकाच्या एकाही पानावर तिचा उल्लेख नाही. उलट उत्पन्नाच्या बाजूला '1 लाख भाडे' असं झोकात छापून येतं! महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 मध्ये पालिकेची मालमत्ता चालू बाजारभावाहून कमी मोबदल्यात द्यायची नाही असं स्पष्ट आहे. अपवाद आहेत, पण त्यांची वाट सरकारच्या मंजुरीतून जाते. म्हणून कुजबुज ऐकलीत की आधी एवढंच शोधा: जागा कुणाची आणि बाजारभाव कुणी काढला?

आता हॉटेल चाललं तर गावाला काय मिळतं ते बघा. समजा 40 खोल्या, वर्षभराची सरासरी धरून 24 भरलेल्या, भाडं अडीच हजार. दिवसाचे 60 हजार, वर्षाचे 2 कोटी 19 लाख. यावरचा जीएसटी केंद्राकडे आणि राज्याकडे जातो. सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो 12 चा 5 टक्के झालाय, तेही सोडा. पालिकेच्या हाती येते घरपट्टी आणि पाणीपट्टी. जकातीच्या काळात हॉटेलच्या गाद्या, फरशा, साबणाच्या पेट्या नाक्यावरून आल्या की गावाच्या तिजोरीत खणखण व्हायची. जकात गेली, 2013 मध्ये एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आणि 2017 पासून महानगरपालिकांना राज्याकडून जीएसटीची भरपाई मिळते. ती ठरलेल्या आकड्यावर दर वर्षी 8 टक्क्यांनी वाढते. तुमच्या गल्लीतलं हॉटेल खचाखच भरलं काय, ओस पडलं काय, त्या भरपाईत एक रुपयाचा फरक नाही. जमीन गावाची आणि वाढीव कर वरच्यांचा, ही गोम मी नोकरीत असताना साहेबांना सांगायचो. ते म्हणायचे, "भाऊसाहेब, तुम्ही व्हाउचर बघा."

तुम्हाला का नाही, या प्रश्नाचं सोपं उत्तर: तुमचा धंदा 'प्रकल्प' नाही. तुम्ही सादरीकरण करत नाही. पण ज्या गल्लीचं कौतुक करून परगावचा पाहुणा बोलवायचा, ती गल्ली तुमच्या दुकानानं आणि तांबट आळीतल्या ठोक्यांनीच गल्ली झालीय. भांडी बाजारात भांडीच उरली नाहीत तर पाहुण्याला काय, लिफ्ट दाखवायची?

इंदिरानगरच्या एक निवृत्त शिक्षिका: 'रामकाल पथ'साठी केंद्रानं 99 कोटी दिले असं वाचलं. ही देणगी की कर्ज? आणि यातून हॉटेलं होणार का?

बाई, 'देणगी की कर्ज' असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आकडा 99 कोटी 14 लाख. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं 23 राज्यांतली 40 पर्यटनस्थळं निवडली. महाराष्ट्रातली दोन होती, सिंधुदुर्गातलं जुनं नौदल जहाज आणि आपला रामकुंड, काळाराम, सीतागुंफा परिसर, म्हणजेच हा 'रामकाल पथ'. पैसा राज्यांना भांडवली खर्चासाठी द्यायच्या विशेष साहाय्य योजनेतला आहे. ते राज्याला दिलेलं 50 वर्षांचं बिनव्याजी कर्ज आहे. पन्नास वर्षांनी शंभर कोटींची किंमत किती उरेल हे तुम्हीच वर्गात शिकवलं असेल, तेव्हा राज्याच्या दृष्टीनं सौदा वाईट नाही.

या पैशातून हॉटेल बांधत नाहीत. रस्ता, घाट, दिवे, दर्शनी भाग अशी कामं होतात, आणि हॉटेल मागाहून आपल्या पैशानं येईल अशी अपेक्षा असते. अपेक्षेला लेखाशीर्ष नसतं. आणि कर्जात देखभाल येत नाही. झाडू, दिवे, फुटलेली फरशी, शौचालयाचा नळ हे सगळं पालिकेच्या महसुली खर्चात. स्मार्ट सिटीत आपण सप्टेंबर 2016 मध्ये निवडले गेलो. तेव्हा 50 टक्के केंद्र, 25 राज्य, 25 पालिका अशी वाटणी होती. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा स्मार्ट रोड जेमतेम 1.1 किलोमीटर, पण त्यासाठी नाशिककरांनी किती महिने वळसे घातले ते रिक्षावाल्यांना विचारा. कालिदास कलामंदिराचं नूतनीकरण मात्र मला मनापासून आवडलं. तिथं रोज वापर आहे, तिकिटाचे पैसे येतात, म्हणून वास्तू जिवंत राहते.

गंगापूर रोडवरून एक वाचक: माझा मुलगा इंग्लंडमध्ये आहे. तो म्हणतो, तिथल्या पालिका गावचा मध्यभाग सुधारायला स्वतः हॉटेलं बांधतात, विकत घेतात. आपल्याकडे का नाही?

तिथल्या पालिकांना सरकारी कर्ज मंडळाकडून स्वस्तात कर्ज काढता यायचं. बाजारपेठा ओस पडल्या, लोक घरबसल्या खरेदी करू लागले, तेव्हा बऱ्याच पालिकांनी त्या कर्जातून दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं घेतली. काहींचं ठीक चाललं. लंडनच्या दक्षिण भागात क्रॉयडन आहे. तिथल्या पालिकेनं 2018 मध्ये सुमारे 3 कोटी पौंडांना एक हॉटेल घेतलं. 2020 मध्ये करोना आला, हॉटेल चालवणारी कंपनी बुडाली, आणि त्याच नोव्हेंबरात पालिकेनं 'आता अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद' अशी कायदेशीर नोटीस काढली. एकट्या हॉटेलनं पालिका बुडाली नाही, इतर उलाढाली मोठ्या होत्या. पण त्याच महिन्यात निव्वळ उत्पन्नासाठी मालमत्ता घेणाऱ्या पालिकांना कर्ज देणं त्या मंडळानं थांबवलं. मुलाला विचारा, त्याला हा भाग माहीत आहे का.

आपल्याकडे पालिकेला कर्ज काढायचं तर राज्याची परवानगी लागते. नाशिकनं 1999 मध्ये 100 कोटींचे रोखे काढले होते, पण पाणी आणि मलनिस्सारणासाठी. नळाला पाणी येतंच, बिल जातंच. हॉटेलच्या खोलीचं तसं नाही.

पंचवटीतले एक तीर्थपुरोहित: कुंभमेळा तोंडावर आहे. लाखो लोक येतील. हॉटेलं नकोत असं म्हणून कसं चालेल?

गुरुजी, नकोत म्हटलंच नाही. 31 ऑक्टोबर 2026 ला रामकुंडावर ध्वजारोहण, 2027 मध्ये 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबर ही नाशकातली तीन अमृतस्नानं. तुमच्या यजमानांपैकी किती जण अडीच हजारांची खोली घेतात? गुजरातेतून बस भरून आलेलं कुटुंब धर्मशाळा, तुमच्या ओसऱ्या, नाही तर तंबू बघतं. ज्यांना परवडतं ते आजही मुंबई-आग्रा महामार्गावर नाही तर त्र्यंबक रोडला उतरतात, कारण गाडी दारात लागते. आणि तीन पर्वण्यांच्या गर्दीवर 30 वर्षांच्या कराराचा हिशेब बसत नाही. बँकेचा हप्ता दर महिन्याला असतो, सिंहस्थ बारा वर्षांनी.

एरवीची गोष्ट अशी, की समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. मुंबईकर सकाळी निघतो, काळाराम, रामकुंड, एखादी मिसळ, आणि रात्री घरच्या बिछान्यात. रस्ता जितका चांगला तितका मुक्काम कमी. खोल्या भरायच्या तर संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, थांबावंसं वाटेल असं काही हवं. ते हॉटेलच्या आत बांधता येत नाही.

आणखी एक. 27 ऑगस्ट 2003 ची चेंगराचेंगरी तुम्ही विसरला नसाल. काळारामाकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर ती झाली. त्या भागात सरकारी पैसा आला तर माझ्या यादीत पहिली रुंद वाट, दुसरी शौचालयं, हॉटेल फार खाली. शिवाय नदीकाठच्या जागा दाखवून कुणी तुम्हाला 'रिव्हर व्ह्यू'चं स्वप्न विकत असेल तर निळी पूररेषा कुठे आहे ते बघायला सांगा. नाही तर सप्टेंबर 2008 च्या पुरात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीचं काय झालं होतं ते सराफ बाजारातल्या कुणालाही विचारा.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक विद्यार्थिनी, सिडको: अशा करारांची माहिती सामान्य माणसाला मिळते का?

मिळते. माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये, 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, म्हणून 'प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, परत येईल. करारनाम्याची प्रत मागा, मूल्यांकन अहवालाची प्रत मागा, ठराव क्रमांक मागा. तीन वेगळे अर्ज. 'व्यापारी गोपनीयता' म्हणून नकार आला तर माहिती अधिकार कायद्याच्या ज्या कलम 8 खाली तो देतात त्यातच व्यापक जनहिताची वाटही आहे. अपील करा. आपल्या महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर कितीतरी काळ प्रशासकांचा कारभार होता, हे लक्षात ठेवा. त्या काळातले ठराव सभागृहात चर्चेला आलेच नाहीत, ते कागदातच शोधावे लागतील.

नाव न छापण्याच्या अटीवर एक वाचक विचारतात: तुम्ही नोकरीत असताना असा प्रकल्प पाहिलात का? खरं सांगा.

पाहिला, आणि त्यावर माझी सही आहे. गावाचं नाव विचारू नका. तीर्थस्थानाच्या वाटेवरचं छोटं गाव. पालिकेला यात्री निवासासाठी अनुदान आलं ते फेब्रुवारीच्या शेवटी. 31 मार्चच्या आत खर्च दाखवला नाही तर परत. इमारत उभी राहिली, 22 खोल्या, प्रत्येक खोलीत पांढरा गिझर. पाण्याची टाकी मात्र दुसऱ्या लेखाशीर्षाखाली होती आणि ते मंजूर झालंच नाही. गिझर भिंतीवर, पाइप भिंतीत, आणि पाइपात पाणी नाही. गाद्यांवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही असा तोंडी हुकूम होता, कारण उद्घाटनाला कुणी मोठं येणार होतं. ते आले नाहीत. तिसऱ्या वर्षी उंदरांनी प्लॅस्टिक काढलं.

उपयोगिता प्रमाणपत्र मी स्वतः टाइप केलं. 'निधीचा विनियोग ज्या प्रयोजनासाठी मंजूर झाला त्याच प्रयोजनासाठी करण्यात आला आहे.' वाक्य खोटं नव्हतं. प्रयोजन यात्री निवास बांधणं होतं, आणि तो बांधला होता. यात्री राहतात का, हा रकाना त्या नमुन्यात नव्हता. पुढे तिथं निवडणुकीच्या पेट्या ठेवायचे.

तेव्हापासून कुठल्याही योजनेचं पत्रक हातात आलं की मी शेवटचं पान आधी वाचतो. देखभाल कुणाची, किती वर्षं आणि कुठल्या पैशातून. तो परिच्छेद बहुधा दोन ओळींचा असतो.

तिवंध्यातले एक वाडामालक: आमचा वाडा दीडशे वर्षांचा असावा. सहा भाडेकरू, सगळ्यांचं मिळून भाडं महिन्याला 400 रुपयेही नाही. दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस येते. एक बिल्डर हॉटेलसाठी मागतोय, भाचा म्हणतो की वाड्यातच पाहुणे ठेवू. सरकारी मदत कशाला मिळेल?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझं आजोळही त्याच बाजूचं. रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जुना हौद, उघडायची तेव्हा आम्ही पोरं माडीच्या खिडकीतून बघायचो. ती माडी आता नाही. एका जुलैत रात्रभर पाऊस झाला, पहाटे मागची भिंत बसली. आवाज झाला नाही, मातीची भिंत आवाज करत नाही. मामी उठून बघते तर फडताळ जागेवर आणि फडताळामागे आकाश.

तर नोटीस. ती महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली येते आणि तिचा अर्थ 'वाडा पाडा' एवढाच नसतो, दुरुस्तीचाही असतो. ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. संरचना अभियंत्याकडून तपासणी करून अहवाल जोडून उत्तर द्या. कागदावर तुमचं उत्तर नसेल तर पुढे सगळे तुम्हालाच विचारतील.

बिल्डरचं म्हणाल तर आधी तुमच्या गल्लीची रुंदी मोजा. बांधकामाच्या नव्या एकत्रीकृत नियमावलीत बांधकाम किती आणि किती उंच हे बरंचसं समोरच्या रस्त्यावर ठरतं. अग्निशमनची गाडी वळत नाही तिथं पाच मजली हॉटेलचा नकाशा दाखवणारा माणूस एक तर शेजारचे चार वाडे घेणार आहे, नाही तर तुमचा विकत घेऊन बसून राहणार आहे. दोन्ही शक्यता त्याच्या तोंडून काढून घ्या. भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. पुनर्बांधणीत त्यांच्या पुनर्वसनासाठी जादा चटईक्षेत्र मिळण्याची सोय आहे, पण त्यांना बाजूला ठेवून काही होणार नाही. सहा जणांना एका संध्याकाळी चहाला बोलवा, बिल्डरशिवाय.

भाच्याची कल्पना मला जास्त पटते, जरा सावधपणे. पर्यटन खात्याची निवास न्याहारी योजना आहे. घरमालक स्वतः राहत असलेल्या घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, नोंदणी करायची. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. कर्ज आहे ते, फेडायचं आहे, भाच्याला हे दोनदा सांगा. पण अनुदानाच्या मागे लागून 40 खोल्या बांधण्यापेक्षा तीन खोल्या नीट करून देणं तुमच्या आवाक्यात आहे. सागवानी खांब, चौकातलं तुळशीवृंदावन, सकाळी गंगेवर चालत जाता येईल एवढं अंतर, यासाठी पुण्याचा माणूस पैसे मोजेल. मोरी मात्र नवी करा. खांबांच्या प्रेमात पडलेला पाहुणाही मोरीपाशी परत जातो.

माझ्या हातात असतं तर हॉटेलला सवलतीत द्यायच्या त्या एका जागेच्या वर्षाच्या 83 लाखांतून दर वर्षी गावठाणातले दहा-बारा वाडे टेकू देऊन, भिंती बांधून उभे ठेवता आले असते. एका वाड्याला सात-आठ लाख म्हणजे काही राजवाडा होत नाही, पण मागची भिंत होते. अशी योजना आज तुमच्या हाती देता येत नाही, म्हणून जे करता येईल ते सांगतो. तुमच्या पत्रात मागच्या भिंतीला पोट आलंय असं एका ओळीत लिहिलंय, तेही शेवटी, सहज. ते पहिलं. मृगाआधी तिथं टेकू लावा, माळवदावरचं गवत उपटा, पन्हाळ मोकळी करा. मागच्या खोलीत जे भाडेकरू आजोबा झोपतात म्हणता, त्यांची कॉट चार महिने पुढच्या सोप्यात आणा. ते नाही म्हणतील. माझी मामीही नाहीच म्हणाली होती, ती त्या रात्री माजघरात झोपली होती म्हणून वाचली.